जुनी लेन्स: भाव करण्याआधी टॉर्च लावा

गेल्या अंकात जुन्या मॅन्युअल लेन्सबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. पत्रं बरीच आली आणि बहुतेकांच्या पोटात एकच प्रश्न होता: ‘एवढ्याला मिळतेय, घेऊ का?’ म्हणून या वेळी भावापेक्षा दोषांवर जास्त लिहिलं आहे. स्वस्त लेन्सच्या स्वस्ताईमागे एक तर खरा दोष असतो, नाही तर नुसता दिसण्यापुरता दोष असतो आणि गिऱ्हाईक उगाच घाबरलेलं असतं. शोधायची ती ही दुसरी.

प्रश्न: आमच्या भागातल्या एका कबाड्याकडे झेनिट-ई कॅमेरा आहे, त्याला हेलिओस ४४-२ लागलेली आहे. शटर जाम आहे. ‘अँटिक आहे भाऊ’ म्हणते आणि ४००० सांगते. लेन्स काढून पाहू देते. माझ्याकडे सोनीचा ए६००० आहे. उभ्याउभ्या काय काय तपासू? – एक वाचक, महाल

शटर जाम आहे हे तुमच्या पथ्यावरच पडलं. अँटिक म्हणून भाव सांगितला जातोय तो कॅमेऱ्याचा, आणि तुम्हाला हवी आहे लेन्स. शटरचा आणि लेन्सचा काही संबंध नाही. ही सोव्हिएत बनावटीची ५८ मिमीची लेन्स ४२ मिमी व्यासाच्या, १ मिमी पिचच्या आट्यांवर बसते, त्यालाच एम४२ म्हणतात. समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की निघते. निघताना कुरकुरली तर जोर लावू नका, आटे वाकडे बसलेले असू शकतात.

जाताना फोन, काळ्या कापडाचा तुकडा, धूळ उडवायचा हवेचा रबरी फुगा, तुमचा कॅमेरा आणि एम४२ ते सोनी-ई अडॅप्टर एवढं न्या. अडॅप्टर आधीच घेऊन ठेवा. इलेक्ट्रॉनिक्स नसलेली धातूची साधी नळी असते ती, महाग नसते, आणि पुढच्या प्रत्येक एम४२ लेन्सला चालते.

या लेन्सवर अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचं भोक लहानमोठं करायच्या, दोन रिंगा असतात. एकीवर आकडा ठरवायचा, दुसरीने त्या आकड्यापर्यंत उघडझाप करायची. पहिली एफ/१६ वर ठेवून दुसरी फिरवा. ८ पाती सारखी आत येतात का, एखादं मागे राहतं का, ते बघा. पात्यांवर तेलाची चकाकी दिसली तर विक्रेत्याला अवश्य दाखवा, पण स्वतः घाबरू नका. स्वयंचलित अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये पाती स्प्रिंगच्या जोरावर क्षणात मिटावी लागतात आणि तेलाने ती चिकटली की फोटो जास्त उजळ येतो. ४४-२ मध्ये पाती तुमच्या बोटांनी फिरतात, त्यामुळे थोडं तेल चालून जातं. ते भिंगावर उडालेलं नसलं म्हणजे झालं.

आता अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, म्हणजे एफ/२. लेन्सच्या मागून फोनचा टॉर्च लावा, पण सरळ नव्हे, थोडा तिरका. समोरून काळ्या कापडाच्या पार्श्वभूमीवर बघा. मग उलटी धरून पुन्हा. दिसेल ते असं ओळखायचं:

सुटे ठिपके म्हणजे धूळ. साठ-सत्तरच्या दशकातल्या लेन्समध्ये ती असणारच, फोटोत दिसत नाही. काचेतला एखादा गोल बुडबुडाही तसाच निरुपद्रवी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा झाडाच्या मुळांसारख्या फांद्या म्हणजे बुरशी, तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात. सगळ्या काचेवर एकसारखं दुधाळ धुकं पसरलं असेल तर तो हेझ. तो टॉर्चशिवाय जवळजवळ दिसत नाही आणि फोटोचा कॉन्ट्रास्ट मात्र पार घालवतो. कडेला इंद्रधनुषी डाग किंवा चंदेरी चट्टा दिसला तर चिकटवलेली दोन भिंगं सुटायला लागली आहेत असं समजा. ती पूर्वी कॅनडा बाल्सम नावाच्या डिंकाने जोडत. हे काम पुन्हा करून घ्यायचं तर लेन्सच्या किमतीहून जास्त खर्च येतो. अशी लेन्स फुकट मिळाली तर घ्यावी, एरवी नाही.

टॉर्चचा एक दुर्गुण मात्र लक्षात असू द्या. त्याच्यात नवी कोरी लेन्ससुद्धा घाणेरडी दिसते. म्हणून टॉर्चने दोष शोधायचा आणि खिडकीच्या साध्या उजेडात त्याची तीव्रता ठरवायची. खिडकीसमोरही धुकं दिसत असेल तर लेन्स परत ठेवा.

ओरखड्यांचं गणित लोक उलटं धरतात. पुढच्या काचेवरचे केसासारखे पुसल्याचे ओरखडे फोटोत येत नाहीत, फार तर उजेड समोर असताना थोडी चमक वाढते. मागच्या काचेवरचा लहानसा खोल ओरखडा जास्त त्रास देतो, कारण तिथे प्रकाशाची शलाका अरुंद झालेली असते. भाव पाडायला पुढचा ओरखडा दाखवा, निर्णय मागच्यावर घ्या.

फोकस रिंग ०.५ मीटरपासून अनंतापर्यंत, म्हणजे अगदी दूरच्या फोकसपर्यंत, पूर्ण फिरवा. सोव्हिएत ग्रीस वाळून घट्ट होतं. इथे नागपूरकरांनी एक सावधगिरी ठेवावी: मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तापलेल्या दुकानात रिंग लोण्यासारखी फिरते, आणि तीच लेन्स डिसेंबरच्या सकाळी दोन्ही हातांनी हलत नाही. उन्हाळ्यात घेत असाल तर लेन्स थंड खोलीत अर्धा तास ठेवून पुन्हा फिरवून बघण्याची मुभा मागा. पुढची ४९ मिमीची फिल्टरची कड चेपलेली असेल तर लेन्स पडली आहे. चेप स्वतः बिनमहत्त्वाची, पण पडताना भिंग तिरकं झालं असू शकतं.

ते तपासायला कॅमेरा लावा. ए६००० च्या मेनूत ‘लेन्स नसताना शटर सुटू दे’ ही सोय चालू केल्याशिवाय फोटो निघणार नाही. दुकानदार मोडकी लेन्स समजून बसतात ते बहुधा यामुळेच. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) आणि मॅग्निफाय चालू करा. समोरच्या इमारतीची जाळी किंवा विटांची भिंत बरोबर समांतर धरून एफ/२.८ वर फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर ती त्या काळच्या लेन्सची प्रकृती. एकच कोपरा विरघळलेला असेल तर भिंग तिरकं आहे. अनंताचा फोकस गल्लीत कळत नाही, त्यासाठी फुटाळा तलावाच्या काठावरून पलीकडचा काठ बघावा लागतो. तेवढं शक्य नसेल तर निदान दूरच्या पाण्याच्या टाकीवर बघा.

आता भाव. ही लेन्स लाखोंनी बनली, त्यामुळे हातची जाईल या भीतीने घेऊ नका. नुसत्या ४४-२ चा सध्याचा ऑनलाइन भाव बघून ठेवा. तुमच्या मेकॅनिकला खोलून ग्रीस बदलण्याचे किती ते आधीच विचारा. पहिल्यातून दुसरा वजा केला की तुमची वरची मर्यादा आली. कबाड्याशी बोलताना बंद कॅमेऱ्याचा भाव करा, लेन्सचा विषय आपण होऊन काढू नका. समजा तो ४००० वर अडला, तर कॅमेरा त्याच्याकडेच ठेवून लेन्स किती, असं शेवटी विचारता येतं.

एक अपेक्षा मात्र कमी करा. हेलिओसची पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरते म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण तो परिणाम चित्राच्या कडेला जास्त असतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, ५८ मिमीची दृष्टी ८७ मिमीसारखी होईल आणि भोवरा निम्मा कापला जाईल.

प्रश्न: बुरशी लागलेली ५० मिमी लेन्स निम्म्या किमतीत मिळते आहे. घरी साफ करता येईल का? बाकीच्या लेन्सना लागण होईल का? – धरमपेठ

बुरशी कुठे आहे यावर सगळं आहे. पुढच्या किंवा मागच्या बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला असेल तर एखादा गट काढून पोहोचता येतं. चिकटवलेल्या भिंगांच्या मधल्या थरात असेल तर विषय संपला.

दुसरा प्रश्न, ती किती जुनी आहे. बुरशी वाढताना आम्ल सोडते आणि ते आधी कोटिंग, मग काच खातं. नवी बुरशी पुसली की काच स्वच्छ. जुनी पुसल्यावरही तिच्या फांद्यांचा ठसा राहतो, तो कशानेही जात नाही. विकत घेताना दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही, म्हणून बुरशीच्या लेन्सचा भाव ‘ठसा राहणारच’ असं धरून करावा. निम्मी किंमत आम्हाला जास्त वाटते. तिसरा हिस्सा म्हणा आणि कुठे थांबतं ते बघा.

साफ करायचीच असेल तर आधी साधनं. जपानी लेन्सचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाच्या) पद्धतीचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला साधा चौफुलीचा पेचकस त्यांच्यात पूर्ण बसत नाही आणि डोकं खाऊन टाकतो. घड्याळजीचे जेआयएस पेचकस घ्या. नावाची पुढची रिंग काढायला लेन्सच्या व्यासाचं रबरी बूच, आणि खाचांच्या रिंगांना दोन टोकांचा लेन्स स्पॅनर. टोकदार चिमट्याने खाच फिरवायला गेलात की तो घसरतो आणि काचेवर कायमची सही करतो. प्रत्येक टप्प्याला फोनने फोटो काढा, निघालेला भाग पांढऱ्या फडक्यावर क्रमाने ठेवा, भिंगाची कोणती बाजू पुढे होती ते पेन्सिलने कडेला लिहा. फोकसच्या आट्यांना हात लावू नका. त्यांना सुरुवातीच्या अनेक जागा असतात, चुकीच्या जागी बसवले की अनंत हरवतो.

भिंग सुटं झालं की आधी फुगा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लेन्स टिश्यूवर, आणि मधून कडेकडे गोल पुसा. न गेलं तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत पातळ करून तेवढ्याच अमोनियात मिसळा आणि सुट्या, एकेरी भिंगावर ५ मिनिटं लावून डिस्टिल्ड पाण्याने धुवा. खिडक्या उघड्या ठेवा. जवळपास ब्लीच नको, अमोनियाशी मिसळलं की विषारी वायू होतो. चिकटवलेली जोडभिंगं द्रवात बुडवू नका, ओल्या बोळ्याने फक्त पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको: आकड्यांचा रंग, भिंगाच्या कडेचा काळा लेप आणि प्लास्टिक तिन्ही विरघळतात.

लागणीबद्दल: बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, तुमच्या कपाटातही. त्यांना रुजायला दमटपणा लागतो. तरी रोगट लेन्स साफ होईपर्यंत वेगळी ठेवायला काय जातंय.

प्रश्न: माझा निकॉन डी५३०० आहे. एम४२ लेन्स अडॅप्टरने लावली तर जवळचं दिसतं, लांबचं सगळं धूसर. अडॅप्टर खराब आहे का? – प्रतापनगर

अडॅप्टर ठीक आहे, भूमिती आडवी येते. प्रत्येक पद्धतीत माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, चकतीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. एम४२ लेन्सला ते ४५.४६ मिमी हवं. निकॉनच्या एफ माउंटला ते ४६.५ आहे. म्हणजे अडॅप्टरची जाडी शून्य धरली तरी लेन्स १.०४ मिमी जास्त पुढे राहते. हिशेब केला तर ५८ मिमीच्या लेन्सला सुमारे ३.३ मीटरच्या पलीकडे फोकस होत नाही, १३५ मिमीला साधारण साडेसतरा मीटरच्या पलीकडे. प्रत्यक्षात अडॅप्टरलाही जाडी असते, म्हणजे आणखी कमी. मध्ये काच घातलेले अडॅप्टर अनंत मिळवून देतात, पण ती स्वस्त काच लेन्सची धार मारते. जुनी लेन्स घेऊन तिच्यामागे चष्म्याचं भिंग लावल्यासारखं होतं ते.

तुम्ही निकॉनच्याच जुन्या लेन्स शोधा. १९५९ पासूनच्या जवळजवळ सगळ्या तुमच्या कॅमेऱ्यावर बसतील. मॅन्युअल लेन्स लावली की डी५३०० मध्ये फक्त एम मोड चालतो आणि मीटर बंद राहतो. पहिला फोटो अंदाजाने, दुसरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून. व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका मात्र फोकस जुळल्यावर लागतो, लेन्स एफ/५.६ किंवा त्याहून उजळ असली की झालं.

तुमच्या शरीराचा, म्हणजे कॅमेऱ्याचा, एक अनपेक्षित फायदा आहे. १९७७ मध्ये निकॉनने एआय पद्धत आणली, म्हणजे लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याला आपोआप कळवणारी. त्याआधीच्या लेन्स डी७०००, डी७२००, डी६१०, डी७५० अशा कॅमेऱ्यांवर लावल्या तर माउंटच्या कडेची चिमुकली पट्टी मोडू शकते. डी५३०० ला ती पट्टीच नाही. त्यामुळे इतर निकॉनवाले ज्या लेन्सना हात लावत नाहीत त्या तुम्हाला मोकळ्या आहेत, आणि म्हणूनच त्या बऱ्याचदा स्वस्तही असतात. ओळख अशी: एआय लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगवर आकड्यांच्या मोठ्या ओळीखाली बारीक आकड्यांची दुसरी ओळ असते आणि वरच्या सशाच्या कानांना (रिंगवरच्या दुफाट्याला) भोकं असतात. दुसरी ओळ नाही, कान भरीव, मागची कड अखंड – ती एआयपूर्व. काहींची कड नंतर कापून घेतलेली असते, तेव्हा कड डोळ्यांनी बघा.

आणि ज्यांच्याकडे मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे त्यांच्यासाठी हेच गणित उलटं लावू. सोनी-ई चं अंतर फक्त १८ मिमी, फुजी-एक्सचं १७.७, निकॉन-झेडचं १६, कॅनन-आरएफचं २०. त्यांच्यावर जवळपास प्रत्येक फिल्म एसएलआरची लेन्स बसते. कॅननने १९८७ मध्ये ईओएस आणून एफडी माउंट सोडून दिला. एफडीचं अंतर ४२, ईएफचं ४४, म्हणजे त्या लेन्स कॅननच्याच डीएसएलआरवर नीट बसेनात. मिनोल्टाच्या मॅन्युअल लेन्स ४३.५ वर अडल्या, कोनिकाच्या ४०.५ वर. अशा पोरक्या माउंटच्या लेन्स दुकानदाराला विकता आल्या नाहीत, त्या कप्प्यात पडून राहिल्या. सौदा बघायचा तो तिथे. एम४२ साठी कॅनन डीएसएलआर चालतो (४४ मिमी, दीड मिमी जागा उरते). फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅननवर मात्र काही लेन्सचा मागचा भाग आरशाला आपटतो, म्हणून पहिल्यांदा अनंतावर जाताना लाइव्ह व्ह्यू (आरसा वर उचलून पडद्यावर बघायची सोय) लावा.

प्रश्न: सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मिळाली, पण काच चहासारखी पिवळी आहे. उन्हात ठेवली की जाते म्हणतात. नागपूरचं ऊन तर हक्काचं! – मनीषनगर

ऊन हक्काचं, पण मे महिन्यातलं नको. या लेन्सच्या ७ भिंगांच्या आवृत्तीत मागच्या गटात थोरियमयुक्त काच आहे. वर्षानुवर्षांच्या किरणोत्साराने ती पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशाने पुन्हा बरीच स्वच्छ होते, हे खरं. काम प्रकाश करतो, उष्णता नव्हे. आपल्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेला काळा धातू हात लावू नये इतका तापतो, आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. पिवळेपणा गेला आणि अ‍ॅपर्चर चिकटलं, असा व्यवहार होतो.

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ९ ते ११ पुरे. मागची बाजू सूर्याकडे, पुढच्या काचेखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, म्हणजे प्रकाश परतून पुन्हा काचेतून जातो. लेन्स मोकळी, आरपार कधीच ठेवू नका. ते शेवटी सूर्यभिंग आहे, खालचं लाकूड किंवा पडदा पेटू शकतो. २-३ आठवडे रोज. घाई असेल तर ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही एलईडी दिवा मागच्या काचेवर काही दिवस लावा, त्याच्याकडे बघू नका. किरणोत्साराची धास्ती वापरताना नको, फक्त ती काच फोडू किंवा घासू नका. विक्रेता पिवळेपणामुळे भाव कमी करत असेल तर तोंड कसनुसं करून पैसे द्या.

प्रश्न: पावसाळ्यात लेन्स सांभाळते, तरी यंदा जूनच्या आधीच बुरशी दिसली. एवढ्या कोरड्या उन्हाळ्यात कशी? – एक वाचक भगिनी, त्रिमूर्तीनगर

कूलर. बाहेरची हवा कोरडी असली तरी वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा पाणी घेऊनच येते, आणि बंद खोलीत आर्द्रता सहज ६० टक्क्यांच्या वर जाते. बुरशीला तेवढं पुरतं. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे कूलर आणि पाऊस धरून, आपल्याकडे अर्धं वर्ष दमट असतं. कॅमेऱ्याचं कपाट कूलरच्या झोताच्या भिंतीला असेल तर आजच हलवा.

महागडं ड्राय कॅबिनेट नसलं तरी चालतं. रबरी कडेचा १० लिटरचा घट्ट झाकणाचा डबा, २००-२५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल जाळीच्या पिशवीत, आणि आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा). आकडा ४० ते ५० मध्ये ठेवा, ३० च्या खाली नेऊन काही मिळत नाही. जेल गर्द हिरवट झालं की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दीड-दोन तास तापवून परत घाला, जेवणाच्या भांड्यात नको. निळं जेल टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. चामड्याच्या मूळ कव्हरमध्ये लेन्स ठेवू नका. ते कव्हर ओल धरून बसतं, आणि जुन्या लेन्सना बुरशी बहुतेक तिथूनच मिळालेली असते.

प्रश्न: आजोबांचा आग्फा क्लिक थ्री आणि याशिका इलेक्ट्रो ३५ घरात आहेत. लेन्स काढून डिजिटलला लावता येतील? – रामदासपेठ

नाही. इलेक्ट्रोची ४५ मिमी एफ/१.७ लेन्स उत्तम आहे, पण ती शटरसकट कॅमेऱ्यात बांधलेली आहे. काढायची तर कॅमेरा मारावा लागतो. क्लिक थ्री भारतातच बनला, त्याचं भिंग अगदी साधं. त्यात १२० ची फिल्म घाला, १२ चौकोनी फोटो येतात. तो चालू असेल तर चालू राहू द्या.

प्रश्न: नागपुरात नेमकं कुठे शोधायचं? बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) विचारलं तर ‘जुनं ठेवत नाही’ म्हणतात. – हिंगणा रोड

दर्शनी काउंटरवर विचारलं तर हेच उत्तर येणार. नवा कॅमेरा विकणाऱ्याला जुन्या लेन्समध्ये रस नाही. विचारायचं ते दुरुस्ती करणाऱ्याला, आणि प्रश्नही बदलायचा: ‘लेन्स आहे का’ नव्हे, ‘बिघडलेली, कोणी परत न नेलेली कॅमेऱ्याची पेटी आहे का’. दुसरी जागा महाल, इतवारी, सदर भागातले जुने स्टुडिओ, जिथे आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर दुकान चालतं. फिल्मच्या काळातलं सामान माळ्यावर असतं. तिसरी, दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस: घराघरातली आवराआवर कबाड्यांकडे येते, आणि तेव्हा रोज चक्कर मारणाऱ्याला जे दिसतं ते दिवाळीनंतर दिसत नाही.

स्टुडिओत गेलात तर कॅमेऱ्याआधी डार्करूमबद्दल विचारा. एन्लार्जरला (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राला) लावलेली लेन्स ही आमच्या मते आज सगळ्यात कमी भावात मिळणारी चांगली काच आहे. एल-निक्कोर, रोडागॉन, कॉम्पोनॉन-एस अशी नावं दिसली की थांबा. या लेन्स सपाट कागदावर कडेपर्यंत धारदार चित्र पाडायला बनवलेल्या असतात, म्हणून नाणी, तिकिटं, किडे, फुलं यांच्या क्लोजअपला त्यांना तोड नाही. एन्लार्जर मोडीत गेला की त्यांना कोणी विचारत नाही.

अडचण एकच, त्यांना फोकस रिंग नसते. मागे बहुतेक ३९ मिमीचे आटे असतात. ३९ ते ४२ ची पातळ रिंग आणि एम४२ हेलिकॉइड, म्हणजे लांबी कमीजास्त होणारी नळी, किंवा जुना बेलोज (घड्यांचा भाता), एवढं जोडलं की काम होतं. डीएसएलआर असेल तर ५० मिमीची फक्त क्लोजअपला चालेल. ७५ किंवा ८० मिमीची घेतलीत तर हेलिकॉइडवर अनंतही मिळतो. कॉम्पोनॉन-एससारख्या काही लेन्समध्ये आकडे उजळायला मागच्या बाजूने प्रकाशाची वाट ठेवलेली असते, तिथून उजेड आत येतो. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा.

३९ मिमीच्या आट्यांची आणखी एक फसगत: झेनिटच्या सुरुवातीच्या लेन्सनाही ३९ मिमीचे आटे आहेत आणि झोर्की-फेड या रेंजफाइंडरच्या लेन्सनाही. बसतात एकमेकांच्या जागी, पण एकीला ४५.२ मिमी अंतर हवं, दुसरीला २८.८. झोर्कीची ज्युपिटर-८ डीएसएलआरवर लावली तर हातभर अंतरापलीकडे काही दिसणार नाही.

प्रश्न: ऑनलाइन घ्यायची तर फोटोंवरून कसं ओळखायचं? – वर्धमाननगर

जाहिरातीत समोरून घेतलेला चकचकीत फोटो असतो, त्याचा काही उपयोग नाही. चार गोष्टी मागा: मागून टॉर्च लावून पुढून घेतलेला फोटो, अ‍ॅपर्चर एफ/८ वर असताना पात्यांचा फोटो, माउंटचा जवळून फोटो, आणि फोकस रिंग टोकापासून टोकापर्यंत व मागची पिन दाबून सोडताना पाती हलतात त्याचा १५ सेकंदांचा व्हिडिओ. नेहमीच्या एम४२ लेन्समध्ये ए-एम (ऑटो-मॅन्युअल) असा खटका असतो, तो एम वर फिरतो का तेही विचारा. खटका नसेल तर पिन दाबून धरणारा, आत कठडा असलेला अडॅप्टर लागेल. नाही तर लेन्स कायम पूर्ण उघडी राहील. टॉर्चचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की उत्तर मिळालं.

‘अनटेस्टेड’ याचा अर्थ तपासली आणि बरी निघाली नाही असा घ्या. परदेशातून मागवताना वर्णनाच्या शेवटच्या ओळी वाचा. ‘उत्कृष्ट’च्या खाली तीन ओळींनी ‘थोडी बुरशी, फोटोवर परिणाम नाही’ असं येतं. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर नाही, टपालखर्च धरून होणाऱ्या एकूण किमतीवर लागतं, वर कुरिअरचं हाताळणी शुल्क वेगळं. हे सगळं मिळवून बेरीज करा, मग स्वस्त आहे का ठरवा. १३५ मिमी एफ/२.८ सारख्या भरपूर मिळणाऱ्या लेन्स बाहेरून मागवण्यात अर्थ नाही. इथेच शोधा. जुने ३५-७० आणि ८०-२०० झूम कोणी आग्रहाने देत असेल तर हात जोडा: आत भिंगं जास्त, हेझ हमखास, आणि खोलून साफ करायला मेकॅनिक तयार होत नाही.

गावातल्या गावात व्यवहार असेल तर दिवसाउजेडी, चारचौघांत भेटा, कॅमेऱ्यावर लावून बघा, मग पैसे द्या. आणि तुम्ही विकत असताना समोरच्याने ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हटलं तर फोन ठेवा. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.